एसटीच्या २०२१-२२च्या संपातून कर्मचाऱ्यांना नेमकं काय मिळालं? इतका लांब संप करायला हवा होता का?

माझे पप्पा १९९८ पासून एसटीत कंडक्टर आहेत. मी त्यांच्या बाजूनेच लिहिणार, हे आधी सांगून ठेवते.

काय मिळालं ते लगेच सांगते. २४ नोव्हेंबर २०२१ ला परिवहनमंत्री अनिल परब यांनी मूळ वेतनात वाढ जाहीर केली. नोकरीला १० वर्षं न झालेल्यांना ५,००० रुपये, १० ते २० वर्षंवाल्यांना ४,०००, आणि त्याच्या पुढच्यांना २,५००. शिवाय दरमहा १० तारखेच्या आत पगार. ज्याच्यासाठी सगळे बसले होते ते विलीनीकरण, म्हणजे एसटी महामंडळ राज्य सरकारात सामील करून कर्मचाऱ्यांना सरकारी नोकर करणं, मात्र मिळालं नाही. उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर नेमलेल्या तीन जणांच्या समितीने त्याला नकारच दिला.

पण "करायला हवा होता का" हे वाचलं आणि मला त्या वर्षीचा दिवाळीचा पाडवा आठवला.

आम्ही गावी आजीकडे होतो. मोठे काका सरकारी खात्यात लिपिक आहेत. दोघे भाऊ एकाच शाळेत शिकले, दोघेही बारावी झाले, आणि दोन वर्षांच्या अंतराने नोकरीला लागले. पप्पांचा डेपो तेव्हा बंद होता. ऑक्टोबरच्या शेवटी सरकारने महागाई भत्ता २८ टक्के केला, घरभाडं वाढवलं, संघटनांनी माघार घेतली, तरी माणसं डेपोच्या गेटवरून उठली नव्हती. पंगतीत काकांनी तोच विषय काढला. "भत्ता दिला, घरभाडं दिलं. तुमच्या पुढाऱ्यांनी मिटवलं. आता कशाला अडून बसलाय? ऐन दिवाळीत माणसं स्टँडवर अडकल्यात. आणि महामंडळच तोट्यात म्हटल्यावर पैसे आणायचे कुठनं?"

पप्पा काही बोलले नाहीत. हात धुऊन आत गेले आणि पिशवीतून पगाराची स्लिप घेऊन आले. "दादा, तुझी पण दाखव." काकांची मोबाइलवर होती. आजीला वाचता येत नाही. ती मला म्हणाली, "मोठ्याचं किती, बारक्याचं किती, मोठ्यानं वाच."

मी वाचलं. पप्पांचा आकडा काकांच्या निम्म्याच्या थोडा वर होता. आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बारका तर रात्रीचा पण घरी नसतो."

ते खरंच होतं. पप्पांकडे कितीतरी वर्षं मुक्कामी गाडी होती. रात्री नऊला वाडीत पोचायचं, हिशोब जुळवायचा, कॅशची बॅग उशाला घेऊन गाडीतच झोपायचं आणि पहाटे साडेपाचला बेल मारायची. काका यावर म्हणाले, "मग त्यानं पण द्यायची होती परीक्षा." पप्पा अर्ध्या ताटावरून उठले होते ते पुन्हा बसलेच नाहीत.

त्या दिवशी मला बोलता आलं नाही, म्हणून इथे बोलते. तोटा तोटा म्हणणाऱ्यांनी तिकिटाच्या पैशातून सरकारकडे जाणारा प्रवासी कर बघावा. १७.५ टक्के. सात माणसांसाठी डोंगरातल्या वाडीला गाडी पाठवणं हा धंदा आहे का? शाळेच्या मुलांना पास, म्हाताऱ्यांना सवलत, कॅन्सरच्या पेशंटला सवलत, हे सरकार ठरवतं आणि कंडक्टर पाळतो. नुसतं भारमान, म्हणजे गाडी किती भरते ते, बघायचं असतं तर सगळ्या गाड्या मुंबई-पुण्यालाच पळवल्या असत्या. सरकारला पाहिजे ते काम करून घ्यायचं, आणि पगाराचा विषय निघाला की ‘तुम्ही महामंडळाचे’ म्हणायचं, हे मला मान्य नाही. विलीनीकरणाची मागणी रास्तच होती. वकील लोक कायद्यात बसत नाही म्हणतात, म्हणू देत. आमच्याकडे एका चटईवर दोन स्लिपा होत्या.

संप साडेपाच महिने चालला आणि त्या महिन्यांचा पगार अर्थातच नाही. आईने गंठण गहाण ठेवलं. जानेवारीपासून पप्पा एका भाजीच्या अडत्याकडे पावत्या लिहायला जायचे. तिथनं सुटले की डेपोच्या गेटवर अर्धा तास बसून मग घरी. गाड्या बघायला, म्हणायचे. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर बसतात, याचीच त्यांना जास्त काळजी.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवली तर काका बरोबर ठरतील. २४ नोव्हेंबरनंतर संप ओढायला नको होता असं माझं मत आहे, आणि ते मी पप्पांना तेव्हाही सांगितलं होतं. हातात आलेलं घेऊन कामावर जायचं आणि बाकीचं कोर्टात लढायचं. दुसऱ्याच दिवशी संपाचं पुढारीपण करणारे आमदार गोपीचंद पडळकर आणि सदाभाऊ खोत आझाद मैदानातून बाहेर पडले, माणसं मात्र बसून राहिली. ८ एप्रिलला संपकरी शरद पवारांच्या घरावर चालून गेले, चपला-दगड फेकले, ते तर चूकच. शेवटी कोर्टाने २२ एप्रिलपर्यंत हजर व्हायला सांगितलं आणि सगळे गेले. त्या मुक्कामाच्या वाडीतली एक मुलगी पप्पांना फोन करायची, "मास्तर, गाडी कधी सुरू करताय?" तिचं कॉलेज चौदा किलोमीटरवर. पप्पांकडे उत्तर नसायचं. फेब्रुवारीत तिचे फोन बंद झाले. नंतर कळलं, तिने कॉलेज सोडलं.

तुमच्या घरात कोणी संपावर असेल तर एवढंच करा. जाहीर झालेला आकडा ऐकून आनंद मानू नका. मूळ वेतनात किती, कोणत्या तारखेपासून आणि किती वर्षांच्या नोकरीला, हे विचारा. २०२१ मध्ये नव्या पोराला ५,००० मिळाले आणि २३ वर्षं घंटी वाजवलेल्या माणसाला २,५००. ते दुरुस्त व्हायला सप्टेंबर २०२४ उजाडला. गणपतीच्या तोंडावर दोन दिवस गाड्या थांबल्या आणि सगळ्यांची वाढ ६,५०० वर आणायचं ठरलं, एप्रिल २०२० पासून. म्हणजे पप्पांना आणखी ४,०००.

त्या संध्याकाळी काकांचा फोन आला. "टीव्हीवर साडेसहा हजार सांगतायत. तुला किती?" पप्पांनी सांगितलं. काका थोडे थांबले आणि म्हणाले, "एवढेच?"