ग्रिप लोकल होती म्हणून कॅमेऱ्याची वॉरंटी जाते का?

प्रश्न: मी चोपडा तालुक्यात लग्नाच्या ऑर्डरी घेतो, धाकटा भाऊ व्हिडिओ सांभाळतो. दीड वर्षापूर्वी जळगावच्या दुकानातून 1,45,000 रुपयांची कॅमेरा बॉडी पक्क्या बिलावर घेतली. वॉरंटी दोन वर्षांची. कंपनीची बॅटरी ग्रिप (कॅमेऱ्याच्या खाली लावायची जादा बॅटरीची मूठ) 14,000 ला होती, म्हणून ऑनलाइन 3,200 ची दुसऱ्या मेकची ग्रिप, सोबत दोन बॅटऱ्या, अशी मागवली. यंदा वैशाखात अमळनेरला हळदीच्या वेळी कॅमेरा बंद पडला तो पुन्हा चालू झालाच नाही. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात मेन बोर्ड गेला, 38,000 लागतील, लोकल ग्रिप लावल्यामुळे वॉरंटी नाही. हे सगळे तोंडी. ग्रिप विकणारा फोन उचलत नाही. मित्र म्हणतो, ग्रिप काढून दुसऱ्या सेंटरला ने आणि ग्रिपचे नावच काढू नको. नवरीकडचे ॲडव्हान्स परत मागतात. आते काय करू भाऊ? आणि पुढे ग्रिप ओरिजिनलच घ्यावी का?

उत्तर: भाऊ, आधी मित्राचा सल्ला बाजूला ठेवा. पहिल्या सेंटरला तुमच्या कॅमेऱ्याच्या सिरियल नंबरची नोंद झालेली आहे. दुसरीकडे खोटे बोललात आणि ते उघडे पडले, तर ग्राहक आयोगासमोर तुमच्या खऱ्या गोष्टीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. आणि मुख्य म्हणजे, ती ग्रिप लपवण्याची वस्तूच नाही. तुमच्या केसमधला तो सगळ्यात कामाचा पुरावा आहे. ग्रिप, दोन्ही बॅटऱ्या, चार्जर, खोका, जे असेल ते एका पिशवीत बांधून ठेवा. ती ग्रिप आता कोणत्याही कॅमेऱ्याला लावून बघू नका आणि बॅटऱ्या पुन्हा चार्जिंगला लावू नका.

आता 38,000 चे. ते भरू नका आणि एस्टिमेटवर मंजुरीची सही करू नका. एकदा बोर्ड बदलला आणि जुना बोर्ड भंगारात गेला की काय जळले, कशाने जळले, हे कोणालाच सांगता येणार नाही. सेंटरला ईमेल करा आणि तेच स्पीड पोस्टाने पाठवा. मजकूर दोन-तीन ओळींचा पुरे: बोर्डाचा कोणता भाग निकामी झाला, ग्रिपमुळेच झाला हे कोणत्या तपासणीवरून ठरवले आणि वॉरंटीच्या कोणत्या अटीखाली नकार देत आहात, ते लेखी कळवा, जुना बोर्ड जपून ठेवा.

हा कागद मी एवढा का मागतो आहे? कारण उत्तर काहीही आले तरी ते तुमच्या उपयोगाचे आहे. कंपनीने नुसते ‘दुसऱ्या मेकची वस्तू वापरली’ एवढेच लिहिले, तर बिघाडाचे कारण तिने दाखवलेलेच नाही. उलट ‘ग्रिपमधून चुकीचा व्होल्टेज आला, कॉन्टॅक्ट शॉर्ट झाले’ असे लिहिले, तर तोच कागद ग्रिप विकणाऱ्याविरुद्ध तुमचा पुरावा होतो. म्हणून तक्रार एकच करायची आणि त्यात कॅमेरा कंपनी, दुकानदार, ग्रिपचा विक्रेता आणि ऑनलाइन प्लॅटफॉर्म असे सगळे प्रतिपक्ष करायचे. मागणी पर्यायी ठेवायची: दोष कॅमेऱ्यात निघाला तर कंपनीने वॉरंटीत दुरुस्त करावा, ग्रिपमध्ये निघाला तर विक्रेत्याने भरपाई द्यावी. वेगवेगळ्या तक्रारी केल्या तर प्रत्येक जण हजर नसलेल्याकडे बोट दाखवतो, हे मी वारंवार पाहिले आहे.

कंपनीच्या अटींत ‘इतर कंपनीच्या उपकरणामुळे झालेले नुकसान वॉरंटीत नाही’ अशा अर्थाचे वाक्य बहुधा असेल. त्यातला ‘मुळे’ हा शब्द नीट बघा. अमेरिकेत 1975 च्या वॉरंटी कायद्याने ‘आमचाच सुटा भाग वापरा, नाहीतर वॉरंटी संपली’ अशी सरसकट अट घालायला मनाई केली. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही, हे खरे. पण 2014 साली भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात म्हटले होते की, बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सगळी वॉरंटी रद्द करता येणार नाही. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. त्या आदेशावर पुढे अपिले झाली आणि तो मोटारींबद्दल होता, त्यामुळे तो तुमच्या कॅमेऱ्याला जसाच्या तसा लागू होईल असे मी म्हणणार नाही. तरी युक्तिवादाला त्याचा आधार घेता येतो.

ग्रिपवाल्याची बाजू त्याहून कच्ची आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये उत्पादन दायित्वाचे, म्हणजे सदोष वस्तूने केलेल्या नुकसानीच्या जबाबदारीचे, प्रकरण आहे. कलम 2(22) प्रमाणे सदोष वस्तूमुळे दुसऱ्या मालमत्तेचे नुकसान झाले तर ती ‘हानी’ ठरते. इथे दोष ग्रिपचा आणि नुकसान कॅमेऱ्याचे. बनवणारा परदेशात, त्याचा पत्ता लागत नाही, अशा वेळी कलम 86 खाली विक्रेत्याला जबाबदार धरता येते. मात्र त्याच व्याख्येत धंद्याचे नुकसान वगळलेले आहे. म्हणजे बुडालेल्या ऑर्डरीचे पैसे या वाटेने मिळणार नाहीत. सेवेतली त्रुटी आणि मनस्ताप यांखाली मागा, पण आशा बेताची ठेवा.

विक्रेता फोन उचलत नसेल तर प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. आजच्या आज त्या ग्रिपच्या पानाचे स्क्रीनशॉट काढा, तुमच्या मॉडेलला बसते असे जिथे लिहिले आहे तो भाग खास, कारण अशी पाने रातोरात गायब होतात. आणि बॅटऱ्यांवर भिंग घेऊन बघा. लिथियम बॅटरीला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. आयएस 16046 आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक त्यावर छापलेला हवा. नसेल तर तो माल इथे विकायलाच नको होता, आणि तुमच्या तक्रारीतला तो ठळक मुद्दा ठरेल.

समोरचे वकील दोन गोष्टी नक्की काढतील. पहिली, तुम्ही धंद्यासाठी कॅमेरा घेतला, तर ग्राहक कसे? त्याच ग्राहक कायद्याच्या कलम 2(7) चे स्पष्टीकरण सांगते की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू ‘व्यापारी हेतू’त मोडत नाही. 1995 च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतः रिक्षा चालवणाऱ्याचे उदाहरण दिले आहे, आणि मदतीला एक-दोन माणसे असली म्हणून हा हक्क जात नाही असेही म्हटले आहे. तुमच्या धाकट्या भावामुळे काही बिघडत नाही. फक्त तक्रारीत स्पष्ट लिहा की कॅमेरा तुम्ही स्वतः चालवता आणि घर त्यावर चालते.

दुसरी गोष्ट आपल्या उन्हाची. बहुतेक कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत 0 ते 40 अंश अशी मर्यादा असते, आणि वैशाखात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा 45 च्या पुढे जातो. हळद मांडवाखाली होती की उघड्यावर, वेळ कोणती होती, हे आत्ताच लिहून ठेवा. कार्डावरचा शेवटचा फोटो पुसू नका, त्यात वेळ नोंदलेली असते.

तक्रार जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात, कारण तुम्ही राहता तिथे ती करता येते. दिल्ली-मुंबईला जायची गरज नाही. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत, म्हणून फी नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. कोणत्या वस्तूत दोष आहे यावर वाद असल्याने प्रयोगशाळेच्या तपासणीचा अर्ज सोबतच द्या. तपासणी असेल तर कायदा पाच महिन्यांत निकाल अपेक्षितो. प्रत्यक्षात जास्त लागतात, तशी मनाची तयारी ठेवा. त्याआधी 1915 या हेल्पलाइनवर नोंद करून बघा, कधी कधी तेवढ्यानेही कंपनी जागी होते.

नवरीकडच्यांशी भांडू नका. त्यांच्या घरची हळद पुन्हा येणार नाही, आणि ती सेवा द्यायची जबाबदारी तुमची होती. हळदीचा हिस्सा परत करा, लग्नाचे फोटो दिले असतील तर त्याचे पैसे ठेवा आणि हिशेब मिटल्याची दोन ओळींची सही घ्या.

ग्रिप ओरिजिनल घ्यावी का? वॉरंटी चालू आहे तोवर माझे मत स्पष्ट आहे: कंपनीचीच घ्या, नाहीतर ग्रिपशिवाय खिशात दोन जास्तीच्या ओरिजिनल बॅटऱ्या ठेवून काम करा. दुसऱ्या मेकची ग्रिप विकणे किंवा वापरणे हा गुन्हा नाही. ‘अमुक कॅमेऱ्यासाठी’ असे खोक्यावर लिहिण्यालाही ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 30 ची मोकळीक आहे. कंपनीचेच नाव छापून विकलेला डुप्लिकेट माल मात्र वेगळा, तो फौजदारी गुन्हा. पण 1,45,000 च्या वस्तूबद्दल वाद निघाला तर कंपनीला बोट दाखवायला जागा उरू नये, त्यासाठी 10,800 चा फरक मला जड वाटत नाही. वॉरंटी संपल्यावर साधी ग्रिप खुशाल घ्या, भारतातला पत्ता असलेल्या विक्रेत्याकडून आणि बिलावर मॉडेल लिहून. बॅटऱ्या मात्र तेव्हाही कंपनीच्याच टाका.

तुमची वॉरंटी संपायला सहाएक महिने आहेत. सेंटरला ईमेल या आठवड्यात गेला पाहिजे, म्हणजे नकार वॉरंटीच्या काळात आला हे तारखेनिशी दिसेल.