अपाची कॅमलमध्ये (वेगवेगळ्या सिस्टिम जोडणारं जावा फ्रेमवर्क) कस्टम कंपोनंट, म्हणजे बाहेरच्या सिस्टिमशी बोलणारा आपला जोड, लिहिताना डिफॉल्टएंडपॉइंट हा कॅमलचा बेस क्लास थेट एक्स्टेंड करावा की टीमचा कॉमन बेस क्लास मध्ये घ्यावा?

थेट. मधला क्लास नकोच. हे इतक्या ठासून का सांगतेय ते वाचा.

आमच्या आधीच्या टीममध्ये लीडने असाच एक कॉमन बेस क्लास करून ठेवला होता, वरती शेड्यूल्डपोलएंडपॉइंट (डिफॉल्टएंडपॉइंटवरच बेतलेला, पोल करणारा म्हणजे ठरावीक वेळाने जाऊन डेटा बघणारा कॅमलचा क्लास), मध्ये त्याचा क्लास, खाली आम्ही. क्रिएटकंझ्युमर (डेटा उचलणारा ऑब्जेक्ट, म्हणजे कंझ्युमर, बनवणारी मेथड) त्याने फायनल केलेली, म्हणजे खालच्या क्लासला ती बदलताच येत नाही, आम्ही फक्त न्यूकंझ्युमर नावाची मेथड भरायची. मी तेव्हाच म्हटलं होतं की कॅमलने बेस क्लास दिलाय ना, त्यावर आपला आणखी एक मजला कशाला? तर म्हणे रिपीट होणारा कोड वर गेला पाहिजे. गेला वर. आणि जाताना एक ओळ खाली पडली.

माझा राऊट (डेटा कुठून कुठे जायचा ते सांगणारा कॅमलमधला मार्ग) समोरच्या पार्टीच्या सर्व्हरवरून मिनिटाला एकदा डेटा उचलायचा, यूआरआयमध्ये डीले=60000 (मिलिसेकंद) व्यवस्थित लिहिलेलं. लाइव्ह गेल्यावर थोड्याच वेळात समोरून मेल, तुम्ही आम्हाला ठोकताय, अ‍ॅक्सेस बंद करतोय. लॉग बघते तर पोल संपला की अर्ध्या सेकंदात पुढचा पोल! कमिट माझा, यूआरआय माझा, म्हणजे चूक माझीच हे मीटिंगमध्ये ठरून पण गेलं. दोन दिवस मी अँपरसँड नीट एस्केप झालाय का, प्रॉपर्टी फाइल कुठली उचलतंय, असलं बघत बसले. शेवटी वैतागून मुद्दाम डीलेचं स्पेलिंग चुकवलं, तर राऊट सुरूच होईना, रिझॉल्व्हएंडपॉइंटफेल्डएक्सेप्शन. म्हणजे बरोबर स्पेलिंग असताना ते कुणीतरी गिळत होतं! मग पोल मेथडमध्ये ब्रेकपॉइंट लावला. एंडपॉइंटवर डीले 60000, कंझ्युमरवर 500. ते 500 म्हणजे कॅमलचा डीफॉल्ट. एंडपॉइंटकडे आलेले पर्याय कंझ्युमरवर चढवायला क्रिएटकंझ्युमरमध्ये कंझ्युमर परत करायच्या आधी कॉन्फिगरकंझ्युमर बोलवावं लागतं, आणि साहेबांच्या फायनल मेथडमध्ये नेमकी तीच ओळ नव्हती. एक्सेप्शन नाही, वॉर्निंग नाही, काही नाही.

मी ती ओळ बेस क्लासमध्ये टाकून रिव्ह्यूला दिली तर कॉमेंट आली, कॉमन क्लासला हात लावू नका, तुमच्या न्यूकंझ्युमरमध्ये टाका. तिथे टाकलं, चाललं पण. पण मग कॉमन काय राहिलं त्यात?

आता तुमचं. पोल करायचं असेल तर शेड्यूल्डपोलएंडपॉइंट, समोरून मेसेज ढकलला जात असेल तर साधा डिफॉल्टएंडपॉइंट आणि डिफॉल्टकंझ्युमर. एंडपॉइंट इंटरफेस हाताने इम्प्लिमेंट करायच्या भानगडीत पडू नका. कनेक्शन कन्स्ट्रक्टरमध्ये उघडू नका, तेव्हा यूआरआयमधले पर्याय सेटच झालेले नसतात, डूस्टार्टमध्ये उघडा, डूस्टॉपमध्ये बंद करा, आणि दोन्हीकडे सुपर, म्हणजे बेस क्लासमधली तीच मेथड बोलवायला, विसरू नका. प्रोड्यूसर (मेसेज बाहेर पाठवणारा ऑब्जेक्ट) सहसा सिंगलटन असतो, एकच ऑब्जेक्ट अनेक थ्रेड वापरतात, त्यामुळे चालू मेसेजचं काहीही त्याच्या फील्डमध्ये ठेवलंत तर एकाचं दुसऱ्याला जाणार.

हां, आणि हे खरं तर आधी विचारायला हवं होतं, कंपोनंट खरंच लागतोय का? राऊटमधून नुसती एक जावा मेथड बोलवायची असेल तर बीन किंवा प्रोसेसर पुरतो, एंडपॉइंटची गरजच नाही. आणि दहाबारा कंपोनंटना खरोखर सारखंच ऑथेंटिकेशन लागत असेल तर ते वेगळ्या हेल्पर क्लासमध्ये ठेवा आणि एंडपॉइंटमधून बोलवा, ही सोय मी त्या लीडलाही सुचवली होती, "बघू" म्हणाला होता. कॉमन क्लास आधीच गळ्यात पडला असेल तर कोड लिहायच्या आधी त्यात कॉन्फिगरकंझ्युमर सर्च करा. सापडलं नाही आणि वर क्रिएटकंझ्युमर फायनल दिसली, तर रिव्ह्यूमध्ये कोण काय म्हणतंय ते न बघता बेस क्लासमध्येच दुरुस्त करा.