सुई टोचली की घड्याळ बघा : आरोग्य कर्मचाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : उपकेंद्रात गरोदर बाईचं रक्त घेतल्यावर सुईला टोपण लावताना ती माझ्या बोटात घुसली. सोबतच्या सिस्टरनं बोट दाबून रक्त काढलं आणि वर स्पिरिट लावलं. तालुक्याचा दवाखाना दूर आहे आणि संध्याकाळनंतर गाडी मिळत नाही. दुसऱ्या दिवशी गेलं तर चालतं का? (एएनएम, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : ताई, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. एचआयव्हीपासून बचावाच्या गोळ्या, म्हणजे पीईपी, पहिल्या २ तासांत सुरू झाल्या तर सगळ्यात चांगलं. ७२ तासांनंतर त्या देत नाहीत. म्हणून सुई टोचली की आधी वेळ लिहून ठेवा.

बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही. स्पिरिट, डेटॉल, ब्लीचिंगही लावायचं नाही. दाबल्यानं आणि जळजळीत औषधानं तिथली कातडी दुखावते, फायदा काही होत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा. नळ नसेल तर दुसऱ्या कुणाला तांब्यानं वरून धार धरायला सांगा. रक्त डोळ्यात उडालं असेल तर साबण नको, डोळा उघडा धरून नुसत्या पाण्यानं किंवा सलाईननं भरपूर धुवा.

मग लगेच वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन. त्या बाईच्या संमतीनं एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तीन तपासण्या करायच्या. तिच्या कार्डावर आधीचा ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट असला तरी तो कधीचा आहे ते पाहा. रिपोर्ट यायला उशीर होणार असेल तर पहिली गोळी थांबवू नका. पुढे ती निगेटिव्ह निघाली तर डॉक्टर गोळ्या बंद करतात.

सध्या दिली जाणारी गोळी एकच असते : टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राव्हिर ५०. रोज एक, २८ दिवस, एकही दिवस न चुकवता. तुम्ही लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी घेत असाल तर ही गोळी त्याआधी २ तास किंवा त्यानंतर ६ तासांनी घ्या. एकत्र रिकाम्या पोटी घेतल्या तर डोल्युटेग्राव्हिर अंगात नीट शोषलं जात नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल, मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा दिवस गेले असतील तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा. तुमची स्वतःची तपासणी त्याच दिवशी, मग ६ आठवडे, ३ महिने आणि ६ महिन्यांनी. तोवर निरोध वापरा, रक्तदान करू नका.

एचआयव्हीची भीती सगळ्यांना वाटते, पण खरा धोका बहुतेक वेळा हिपॅटायटिस बीचा असतो. बाधित रक्ताची सुई टोचल्यावर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात साधारण ३. हिपॅटायटिस सीची शंभरात २ किंवा त्याहूनही कमी. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता मात्र शंभरात ६ ते ३०. आणि लस तर याच आजाराला आहे! ० महिना, १ महिना, ६ महिने असे तीन डोस. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस (लस लागू पडली का हे दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या, १० किंवा त्याहून जास्त आलं तर संरक्षण आहे. लस घेतलेली नसेल आणि समोरचा पेशंट बाधित असेल तर लशीसोबत हिपॅटायटिस बीचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं, शक्यतो २४ तासांत, फार तर ७ दिवसांत. हिपॅटायटिस सीला अशी लस नाही, पण तपासणीत निघाला तर गोळ्यांनी तो बरा होतो.

एक काम आजच करा. ग्रामीण रुग्णालयात फोन करून विचारा : पीईपीच्या गोळ्या आहेत का, मुदत कधी संपते, रात्री त्या कपाटाची चावी कोणाकडे असते? उत्तर आणि फोन नंबर उपकेंद्राच्या भिंतीवर लिहून लावा. रात्री आठ वाजता चावीवाल्याचा शोध सुरू झाला तर २ तास तिथंच संपतात.

आणि ते टोपण. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचंच नाही. सुई कापायचा हब कटर किंवा पांढरा डबा खाटेजवळ, हात पोचेल इतक्या अंतरावर ठेवा. डबा दुसऱ्या खोलीत असला की सुई हातात घेऊन चालावं लागतं, आणि मग टोपण लावायचा मोह होतोच.

प्रश्न : मी प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेकेदाराकडून सफाईचं काम करते. लाल पिशवी उचलताना पायाला सुई टोचली. ‘तू कायम नाहीस, लस तुला नाही,’ असं सांगितलं. हे बरोबर आहे का? (गडचिरोली जिल्हा)

उत्तर : बिलकुल नाही, मावशी. जैववैद्यकीय कचरा नियम २०१६ प्रमाणे हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची जबाबदारी दवाखान्याची आहे. एचआयव्ही कायदा २०१७ प्रमाणे पीईपीसुद्धा तिथं काम करणाऱ्या, धोका असलेल्या प्रत्येकाला मिळाली पाहिजे. कायम की ठेक्यावर, हा प्रश्नच त्यात येत नाही. सुई कोणाची हे माहीत नसलं तरी वर सांगितलेलं सगळं तुम्हालाही लागू आहे. डॉक्टर धोका बघून गोळ्यांचं ठरवतील. अपघाताची नोंद लेखी करायला लावा.

लाल पिशवीत सुई गेली ही चूक तुमची नव्हे. लाल पिशवी सुई काढलेल्या सिरिंज, नळ्या, सलाईनच्या बाटल्या अशा प्लास्टिकसाठी. सुया आणि ब्लेड न भोसकणाऱ्या पांढऱ्या डब्यात, फुटलेल्या काचा निळ्या खुणेच्या डब्यात. हब कटरमध्ये नुसती सुई घालून चालत नाही. तिच्या मुळाशी असलेल्या प्लास्टिकच्या भागासकट कापायची. पातं बोथट झालं की सुई अर्धवट वाकून सिरिंजलाच राहते आणि तशीच लाल पिशवीत जाते. पातं बदलून मागा. पांढरा डबा तीन चतुर्थांश भरला की बंद, हातानं दाबून आणखी जागा करायची नाही. पिशवी नेहमी मानेला धरून उचला, अंगापासून लांब. हातात जाड रबरी मोजे, पायात बंद बूट.

प्रश्न : फरशीवर रक्त सांडलं तर ब्लीचिंग पावडर किती घ्यायची? (कक्ष सेविका, वाशीम जिल्हा)

उत्तर : ३३ टक्के क्लोरीनची पावडर असेल तर १ लिटर पाण्यात ३० ग्रॅम, म्हणजे सहा सपाट चहाचे चमचे. त्यातून साधारण १ टक्क्याचं द्रावण मिळतं. रक्तावर कापूस किंवा जुनं कापड टाका, वरून द्रावण ओता, अर्ध्या तासानं मोजे घालून उचला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात उघडी पावडर लवकर निकामी होते. वास उरला नाही, गाठी झाल्या की फेकून द्या. द्रावण रोज ताजं, प्लास्टिकच्या बादलीत करा. संडास धुवायचं ॲसिड त्यात कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

प्रश्न : ओपीडीत खोकल्याचे पेशंट खूप येतात. उन्हाळ्यात कूलर असतो. त्यानं टीबी पसरतो का? (समुदाय आरोग्य अधिकारी, चंद्रपूर जिल्हा)

उत्तर : कूलर कुठं बसवलाय त्यावर सगळं आहे. खिडकीत बसवला तर तो बाहेरची ताजी हवा आत ढकलतो, म्हणजे उलट तुमच्या कामाचा. मात्र समोरची खिडकी सताड उघडी हवी. खोलीच्या आत स्टँडवर ठेवून खिडक्या लावल्या तर तीच हवा फिरत राहते. ओल्या ताट्या टीबीचे जंतू अडवत नाहीत.

पेशंटला गार वाटावं म्हणून आपण त्याला कूलरजवळ बसवतो. मग त्याच्यावरून आलेली हवा थेट तुमच्या तोंडावर येते. खुर्च्या बदला : कूलरकडे तुम्ही, त्यापुढे पेशंट, त्याच्या पाठीमागे उघडी खिडकी. ती खिडकी थांबलेल्या लोकांच्या व्हरांड्यात उघडणारी नको. अगरबत्ती लावून तुमच्या खुर्चीपाशी धरा. धूर पेशंटच्या बाजूनं बाहेर गेला पाहिजे.

पेशंटला साधा मास्क, तुम्हाला एन-९५. घातल्यावर दोन्ही हात मास्कवर धरून जोरात श्वास सोडा. नाकाशी किंवा गालाशी हवा लागली तर पट्टी परत दाबा. दाढी असेल तर तो नीट बसत नाही. धुवू नका, कागदी पाकिटात ठेवा. थुंकीचा नमुना बाहेर मोकळ्या जागेत घ्यायला सांगा, खोलीत किंवा संडासात नको. तुम्हाला स्वतःला दोन आठवडे खोकला राहिला तर तुमचीही थुंकी तपासा. थंडीत कूलर बंद आणि खिडक्याही बंद होतात, त्या दिवसांत खोकल्याचे पेशंट अंगणात, उन्हात खुर्ची टाकून तपासा.