विहिरीवरचे अर्धवट खोपे काढू नका

विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे अर्धवट लटकत आहेत आणि आपण मोटार सुरू करायला जाता म्हणून पक्षी बिथरले असावेत, असे आपण लिहिले आहे. मला तसे वाटत नाही. तळाला आडवी पट्टी असलेला, टोपीसारखा दिसणारा खोपा नराने मुद्दामच तिथवर आणून थांबवलेला असतो. त्याला खालून लोंबकळत, पंख फडफडवत, गलका करत तो माद्यांना बोलावतो; एखादी मादी येते, पट्टीवर बसते, चोचीने धागे ओढून पाहते आणि पसंत पडले तरच राहते. मग नर अंड्यांची खोली व लांब नळी पुरी करतो आणि ती अंड्यांवर बसली की बहुधा नवा खोपा, म्हणजे नवी मादी, यांच्या खटपटीला लागतो. पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी 1930 च्या सुमारास अलिबागजवळ किहीमला नेमके हेच टिपले होते. नापसंत खोपे तसेच लोंबत राहतात.

हे एवढे लिहिण्याचे कारण वेगळे आहे. आमच्या बांधावरच्या बाभळीची छाटणी दिवाळीनंतर करावी, असा अर्ज मी ऐन श्रावणात एका कार्यालयात दिला होता. पाहणीला आलेल्या गृहस्थांनी रस्त्याकडचे टोपीवाले खोपे खालूनच पाहून 'घरटी रिकामी' असा शेरा मारला. पलीकडे नळीवाल्या खोप्यांत माद्यांची ये-जा सुरू होती, तिकडे वळण्याची तसदी घेतली नाही. पुन्हा गेलो तर हा विषय आमच्या टेबलाचा नाही, असे उत्तर मिळाले. फांद्या अंड्यांसकट खाली आल्या.

म्हणून अर्ज करण्याची वेळ आलीच, तर नळीवाल्या खोप्यांची तारखेसह छायाचित्रे जोडा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. मी वकील नाही. पण वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मधील शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांची नासधूस आणि घरट्यांना धक्का लावणेही येते, एवढे अर्जात अवश्य लिहा.

बांधावरचे उंच गवतही पावसाळाभर राहू द्यावे, कारण नर त्याच्याच पात्यांच्या पट्ट्या काढून विणतो. हंगामानंतर दिवाणखान्यात टांगायला खोपे मागणारे येतील. माझ्या मते त्यांना सरळ नकार द्यावा. जुन्या खोप्यांत पुढे मुनिया हे छोटे पक्षी अंडी घालतात.