खोली मिळाल्यानंतर

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद. पत्र परवाच मिळालं. तुमच्या रैनबसेऱ्यातलं, म्हणजे बेघरांच्या निवाऱ्यातलं, एक कुटुंब स्वतःच्या खोलीत गेलं आणि रजिस्टरात त्यांच्या नावापुढे तू ‘पुनर्वसन झाले’ असं लिहिलंस. ते खोड. लिहायचंच तर पेन्सिलीनं लिही.

मी हे शाईनं लिहून बसले होते, म्हणून सांगते. बऱ्हाणपूरकडचं कुटुंब होतं, दोन मुलं. तो इथे इंदूरच्या सियागंज बाजारात हम्माली करायचा, ती जेल रोडवर तीन घरची धुणीभांडी. शहराबाहेर राऊच्या बाजूला निम्म्या भाड्यात खोली मिळत होती. मीच ठरवून दिली आणि घरी येऊन मोठ्या ऐटीत सांगितलं. दोघांच्या रोजच्या येण्याजाण्याचा हिशोब मात्र केला नाही. दहा-बारा किलोमीटरवरून तो शेअरची मॅजिक गाडी पकडून पोचेपर्यंत पहाटेचा ट्रक दुसऱ्यांनी उतरवलेला असायचा. तिची दोन कामं सुटली. सहाव्या आठवड्यात चौघं पुन्हा रैनबसेऱ्याच्या दारात उभे. ती मला म्हणते, “ताई, खोली चांगली होती हो.” उलट माझीच समजूत काढत होती!

तेव्हा खोली कामाजवळ बघ. अंधारी असली, नळ बाहेर असला तरी चालेल. भाड्यात प्रवासखर्च मिळवूनच कुठली स्वस्त ते ठरव.

२०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारांचे कान उपटल्यावर शहरात लाख वस्तीमागे एक निवारा हवा, तोही बारा महिने चोवीस तास, असा दंडक आला. त्याआधी रैनबसेरा म्हणजे बहुतेक ठिकाणी थंडीपुरती सोय. पण दंडक निवाऱ्यातल्या जागेचा आहे. बाहेर पडल्यावरच्या तीन महिन्यांसाठी तुमच्या फॉर्मात रकाना आहे का, बघ बरं.

त्या तीन महिन्यांत काय होतं? पहिलं म्हणजे भांडणं. निवाऱ्यात तो पुरुषांच्या हॉलमध्ये, ती मुलांना घेऊन बायकांकडे, असे कित्येक महिने काढून दोघं एकदम दहा बाय दहात येतात. आठ-पंधरा दिवस आवाज चढणारच. लगेच समुपदेशकाला घेऊन धावू नकोस. (मारहाण दिसली तर मात्र थांबू नकोस.)

दुसरं, कागद. घरमालक भाडेकरार लिहून द्यायला बिचकतो, आणि त्यावाचून आधारवरचा पत्ता बदलणं अडतं. म्हणून डिपॉझिटच्या आधी कराराचं बोल. समग्र आयडी, म्हणजे राज्य सरकारचा ओळख क्रमांक, पाहून घे: कुटुंबाचा आठ आकडी, माणसाचा नऊ आकडी. बऱ्याचदा तो गावाकडच्या पत्त्यावर, सासऱ्याच्या नावाखाली अडकलेला असतो. मध्य प्रदेशात त्यावाचून रेशनपासून सगळं अडतं, तेव्हा तो वेगळा काढून इथल्या वॉर्डात आणायचं काम पहिल्याच महिन्यात लाव.

मुलांची शाळा त्या कागदांसाठी अडवू देऊ नकोस. सहा ते चौदा वयाच्या मुलाला जन्मदाखला नाही म्हणून किंवा वर्ष सुरू झालं म्हणून शाळा परत पाठवू शकत नाही. शिक्षण हक्क कायद्यातली १४ आणि १५ ही कलमं आहेत, पर्समध्ये झेरॉक्स ठेव. कलम दाखवायचं ते आवाज न चढवता. त्या मास्तरांकडे पोराला रोज जायचंय, तुला नाही.

राऊच्या त्या घरातली एक गोष्ट मला उशिरा कळली. मी दोनदा जाऊन आले होते. दोन्ही वेळा ताटं-पातेली पोत्यात बांधलेली, पोतं दाराशी. फळी रिकामी. मी म्हटलं असेल आळस. पोतं कधीही उचलायला लागेल म्हणून ती सोडतच नव्हती. पुढे कामाजवळच, छावणी भागात, खोली मिळाली. तिथेही पोतं चौथ्या महिन्यापर्यंत तसंच होतं. एकदा गेले तर फळीवर वाट्या पालथ्या घातलेल्या, उंचीप्रमाणे. मी काही बोलले नाही. तिनंही नाही. चहा दिला, तोही कपात, स्टीलच्या पेल्यात नाही.

तू शनिवारी तुमच्या त्या कुटुंबाकडे जाणार आहेस ना? वही नेऊ नकोस. माझ्याकडे वातीचा स्टोव्ह पडून आहे, वाती बदलल्या की चालेल. जाताना इकडून घेऊन जा. पाचनंतर मी घरीच असते.

तुझी,
काकू