अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या युवारीच्या जंगलात जीपच्या ट्रेलजवळ फुकट तंबू टाकता येतो का?

येतो. नॅशनल फॉरेस्टमध्ये, म्हणजे अशा सरकारी जंगलात, कॅम्पग्राउंड सोडून रानात राहायला साधारणपणे ना पैसे पडतात, ना बुकिंग लागतं. एका ठिकाणी बहुतेक जंगलांत १४ दिवसांची मर्यादा असते, पण तुमचा प्रश्न वीकएंडचा आहे. शार्लटहून दोन कुटुंबं, टोयोटाची साधी रॅव्ह-फोर एसयूव्ही, आणि बेडिन लेकजवळ दगडांवरून चढणाऱ्या जीपा मुलांना दाखवायच्या. छान बेत आहे. फक्त एक लक्षात ठेवा, तिथे मोकळीक आहे ती तंबूला, चाकांना नाही.

फॉरेस्ट सर्व्हिसच्या (तिथल्या वनखात्याच्या) २००५ च्या नियमानंतर प्रत्येक जंगलाचा ‘मोटर व्हेइकल यूज मॅप’, म्हणजे गाडी कुठे नेता येते त्याचा नकाशा, निघतो. फुकट मिळतो, काळा-पांढरा, तलाठ्याकडच्या नकाशाइतकाच रूक्ष. त्यावर जो रस्ता नाही तिथे गाडी घालायची नाही, प्रत्यक्षात चाकोरी कितीही ठळक दिसो. रस्त्याच्या कडेने बारीक ठिपके दाखवले असतील तर राहण्यासाठी गाडी ठरावीक अंतर आत नेता येते. ठिपके नसतील तर गाडी कडेला लावायची आणि सामान उचलून चालायचं. ‘आधी कुणीतरी नेलीच आहे की’ हे कारण रेंजरसमोर चालत नाही. मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही, म्हणून नकाशा घरूनच ॲव्हेंझा या नकाशांच्या ॲपवर उतरवून घ्या. आणि रॅव्ह-फोर ट्रेलवर नेण्याचा मोह नको. डॅनियल, डिकी बेल वगैरे ट्रेल उंच चेसिसच्या फोर-बाय-फोरसाठी आहेत, शिवाय तिथे गाडीला पास लागतो. बघायला पायी जा, कडेला उभं राहा.

आता जागा. ट्रेल सुरू होतो तिथल्या पार्किंगजवळ अजिबात नको. शनिवारी तिथे ट्रेलर, जनरेटर आणि गाणी, सगळं एकदम चालू असतं. चढावर आणि वळणावर इंजिनं सगळ्यात जास्त ओरडतात, आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला अंधारात हेडलाइट थेट तंबूत घुसतात. घसरलेली गाडीही तिकडेच येणार. आवाज झाडांनी फारसा अडत नाही, मधे एखादा उंचवटा आला की अडतो. माती कोकणासारखी लाल. पाऊस नसला की तिची धूळ उडते आणि झाकण न ठेवलेल्या पोह्यांवर तांबूस थर बसतो. पाऊस पडला तर तीच माती बुटाला किलोभर चिकटते. नवी जागा साफ करत बसू नका. आधी वापरलेली, गवत गेलेली, दगडांचं काळं रिंगण असलेली जागा हेरा, आणि वर बघा: डोक्यावर वाळकी फांदी लटकत असेल तर पुढे चला.

पवना तळ्याकाठी तयार तंबू, बार्बेक्यू आणि सकाळचा चहा मिळतो तशी अपेक्षा असेल तर सांगून ठेवतो, इथे नळसुद्धा नाही. पाणी माणशी रोजचे निदान चार लिटर गाडीतूनच न्या. कचरा सगळा परत. संडासासाठी खुरपं न्यायचं: पाण्यापासून आणि वाटेपासून २०० फूट, म्हणजे सत्तर-ऐंशी पावलं लांब, सहा ते आठ इंच खोल खड्डा, नंतर मातीने बुजवायचा. बायकामुलांची सोय म्हणून पडद्याचा छोटा तंबू नेला तर सगळे सुखी.

सरपण घरून नेऊ नका. ॲश झाडं पोखरणारा किडा अशाच लाकडांतून एका काउंटीतून (जिल्ह्यातून) दुसऱ्या काउंटीत पोचतो. जवळपास विकत घ्या, किंवा खाली पडलेलं वाळकं वेचा. निघताना शेकोटीवर पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता आणि राखेला हात लावून बघा. गरम लागली तर विझलेली नाही. निघण्याआधी फायर बॅन, म्हणजे शेकोटीबंदी, आहे का तेही तपासा.

सापांत विषारी कॉपरहेड आहे, पण तो बहुतेक पालापाचोळ्यात न बघता हात किंवा पाय टाकला की भेटतो. मला जास्त धास्ती गोचिडीची. पाठीवर पांढरा ठिपका असलेली ‘लोन स्टार’ जातीची गोचीड चावल्यावर काहींना लाल मांसाची ॲलर्जी होते. मटणाच्या रस्स्यावर जीव असलेल्या घरात याहून वाईट काय! पँट मोज्यात खोचा, आणि रात्री मुलांच्या काखा, गुडघ्यांमागची जागा, कानांमागे टॉर्च धरून बघा.

मुलं पाचाच्या आतली असतील तर पहिल्या खेपेला थोडे पैसे मोजून ॲरोहेड कॅम्पग्राउंड घ्या. तिथे शॉवर आहेत, आणि जीपांपर्यंत जाता येतं.

ट्रेल डिसेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत बंद असतात, कारण ओल्या मातीत चाकं चर पाडतात. थंडीत गेलात तर शांतता मिळेल, जीपा नाही. ऑक्टोबर उत्तम, पण शरदात हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा सगळ्यांना भडक नारिंगी जाकिटं घाला. आणि शुक्रवारी दुपारीच पोचा. शनिवारी सकाळपर्यंत उंचवट्याआडच्या जागा गेलेल्या असतात.