तेराव्यापर्यंत चिंगीला कोण जेवू घालणार?

प्रश्न : मी सांगलीत राहणारी ७१ वर्षांची निवृत्त शिक्षिका. आठ वर्षांपूर्वी पती वारले, मूलबाळ नाही. घरात मी आणि चिंगी, सहा वर्षांची गावठी कुत्री. फ्लॅट माझ्या नावावर आहे. बँकेत ठेवी आहेत आणि त्यांवर पुतण्याचं नाव नॉमिनी म्हणून आहे. पुतण्या चांगला आहे, पण त्याला कुत्र्यांचा तिटकारा. घरकामाला येणाऱ्या मावशी चिंगीला सांभाळायला तयार आहेत. चिंगीच्या नावे पाच लाखांची ठेव ठेवता येईल का? की ते पैसे मावशींना देऊन ‘चिंगीवर खर्च करावेत’ असं मृत्युपत्रात लिहू? कधी कधी वाटतं, तिचे हाल होण्यापेक्षा माझ्यामागे तिला डॉक्टरांकडून इंजेक्शन द्यावं, असंच लिहून ठेवावं.

उत्तर : बाई (शिक्षिकेला दुसरं काय म्हणणार?), शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. ते लिहू नका. धडधाकट जनावराला मरणाचं इंजेक्शन द्यायला कोणताही जबाबदार पशुवैद्य राजी होणार नाही. मीही माझ्या हाताने तसं कलम कुणाला लिहून देत नाही. शिवाय त्याची गरजच नाही, कारण तुमच्याकडे माणूस आहे आणि पैसेही आहेत. या दोघांना नीट बांधायचं तेवढं राहिलंय.

चिंगीच्या नावे ठेव ठेवता येत नाही. आपल्या कायद्यात कुत्रं ही जंगम मालमत्ता आहे, तुमच्या कपाटासारखी नाहीतर शिवणयंत्रासारखी. २०१४ साली जल्लिकट्टूच्या (तमिळनाडूतल्या बैलांच्या खेळाच्या) निकालात सर्वोच्च न्यायालय प्राण्यांच्या सन्मानाबद्दल भरभरून बोललं. पण २०२३ मध्ये घटनापीठाने प्राण्यांना मूलभूत हक्क बहाल करण्याइतकं पुढे जायला नकार दिला. मालमत्तेला मालमत्ता मिळत नाही. ट्रस्टचंही तेच. १८८२ च्या न्यास कायद्यानुसार जो मालमत्ता धारण करू शकतो तोच लाभार्थी होतो. पांजरपोळासारखा सगळ्या जनावरांसाठी केलेला सार्वजनिक ट्रस्ट चालतो, पण एकट्या चिंगीला लाभार्थी करून केलेला खासगी ट्रस्ट कोर्टात टिकवणं अवघड आहे.

मग रतन टाटांच्या टिटो या कुत्र्याचं काय, असं तुमच्या मनात आलं असेल. बातम्यांनुसार त्यांच्या मृत्युपत्रात पाळीव प्राण्यांसाठी बारा लाखांची तरतूद होती आणि टिटोची जबाबदारी त्यांच्या जुन्या आचाऱ्यावर होती. पैसे प्रत्येक प्राण्यामागे दर तीन महिन्यांना तीस हजार असे द्यायचे होते. या व्यवस्थेतला ‘दर तीन महिन्यांना’ हा भाग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. का, ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नात येतं.

‘पाच लाख मावशींना द्यावेत, त्यांनी ते चिंगीवर खर्च करावेत’ हे वाक्य ऐकायला सरळ वाटतं, पण ते पोकळ आहे. भारतीय वारसा कायदा, १९२५ चं कलम १३८ सांगतं की एखाद्याला रक्कम पूर्णपणे दिली आणि ती अमुक पद्धतीने वापरावी अशी नुसती सूचना जोडली, तर घेणाऱ्याला ती रक्कम सूचना नसल्यासारखीच मिळते. माझ्याकडे असं एक प्रकरण आलं होतं. मालकाने भाच्याला रक्कम दिली होती, ‘टॉमीच्या देखभालीसाठी’. भाच्याने टॉमीला गावाकडच्या शेतावर सोडलं आणि नवी मोटारसायकल घेतली. मालकाची बहीण संतापून माझ्याकडे आली. मृत्युपत्राच्या बळावर मला काहीच करता आलं नाही. जनावराला उपाशी मरेल अशा ठिकाणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये! एवढ्यात आज पार्किंगसुद्धा होत नाही.

म्हणून पैसे मावशींना एकरकमी द्यायचे नाहीत. ते तिसऱ्याच माणसाच्या ताब्यात ठेवायचे, आणि चिंगी मावशींकडे आहे तोवर हप्त्याहप्त्याने मावशींना मिळायचे. इथे कायद्याने लाभार्थी मावशी, म्हणजे माणूस आहे, त्यामुळे लाभार्थीची अडचण सुटते. मी साधारण असं लिहीन:

‘माझ्या मृत्यूसमयी माझ्याकडे जे कुत्रे असेल ते मी श्रीमती अमुक यांना देते. माझ्या मिळकतीतून रु. ५,००,००० बाजूला काढून ते श्री. तमुक यांनी विश्वस्त म्हणून धारण करावेत, आणि सदर कुत्रे श्रीमती अमुक यांच्या ताब्यात व सांभाळात असेपर्यंत दर तीन महिन्यांना रु. १५,००० त्यांना द्यावेत. आजारपणाचा खर्च विश्वस्तांनी थेट पशुवैद्यास द्यावा. श्रीमती अमुक यांनी सांभाळ नाकारल्यास अथवा सोडल्यास कुत्रे व वरील हक्क श्री. फलाणे यांच्याकडे जावेत. कुत्र्याच्या मृत्यूनंतर शिल्लक रक्कम...’

शिल्लक कुणाला, हा यातला खरा डावपेच. मावशींना दिलीत, तर चिंगी लवकर जाण्यात त्यांचा फायदा. मावशी तसं करतील असं मी म्हणत नाही, पण मृत्युपत्र चांगल्या माणसाच्या वाईट दिवसाचाही विचार करून लिहायचं असतं. विश्वस्ताला दिलीत, तर तो हप्ते देताना हात आखडेल. तेव्हा शिल्लक तुमच्या जुन्या शाळेला द्या. उलट धोकाही आहे: हप्ता चालू राहावा म्हणून चिंगी गेल्यावर त्याच रंगाचं दुसरं कुत्रं दारात बांधणं. हसू नका, तांबूस गावठी कुत्री एकमेकांसारखीच दिसतात. पशुवैद्याकडून मायक्रोचिप बसवून घ्या आणि तिचा क्रमांक विश्वस्ताला द्या.

पाच लाखांचा आकडा मला योग्य वाटतो. महिन्याला पाच हजार धरले तर वर्षाला साठ हजार, आठ वर्षांचे चार लाख ऐंशी हजार. वर व्याज आहेच, ते म्हातारपणीच्या औषधांना होईल. याहून फार मोठी रक्कम ठेवू नका. कुत्रीसाठी पन्नास लाख लिहिले की नातेवाईक पहिली शंका बाईंच्या डोक्याबद्दल घेतात.

त्या मसुद्यात मी ‘चिंगी’ लिहिलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. उद्या चिंगी तुमच्याआधी गेली आणि तुम्ही दुसरं पिल्लू आणलंत तर मृत्युपत्र वाया जायला नको. तसाच ठेवीचा पावती क्रमांकही लिहू नका. ती पावती मोडली किंवा दुसऱ्या बँकेत गेली, तर ‘ती’ ठेव उरत नाही आणि देणगीही बुडते. नुसती रक्कम लिहा.

मृत्युपत्र केलंच नाही तर काय, हे बऱ्याच बहिणींना ठाऊक नसतं. मूलबाळ नसलेली हिंदू विधवा मृत्युपत्राशिवाय गेली, तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे तिची मिळकत आधी पतीच्या वारसांकडे जाते. म्हणजे दीर-नणंदा, ते नसतील तर पुढची पिढी. तिचे स्वतःचे भाऊबहीण त्यानंतर येतात. फक्त आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत वडिलांच्या वारसांकडे परत जाते. थोडक्यात, तुमच्या बाबतीत चिंगी कायद्याने त्याच पुतण्याच्या दारात जाऊ शकते.

ठेवींवर पुतण्याचं नाव नॉमिनी म्हणून आहे, तेही तपासा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो पैसे स्वीकारणारा. पण बँक पैसे त्याच्या हातात देईल आणि मग तुमच्या विश्वस्ताला त्याच्यामागे धावावं लागेल. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी देता येतात. पाच लाख ज्या ठेवीतून जातील तिच्यावर विश्वस्ताचं नाव घाला. पुतण्याला हे सगळं तुम्हीच सांगा, चहाला बोलावून. फ्लॅट त्याला द्यायचा असेल तर तेही तेव्हाच सांगा. ज्याला आपला वाटा ठाऊक असतो तो पाच लाखांसाठी सहसा कोर्टाची पायरी चढत नाही.

सही करताना दोन साक्षीदार हवेत, आणि दोघांनीही तुमच्यासमोर सह्या करायच्या. मावशींना साक्षीदार करू नका, किंबहुना त्या दिवशी त्यांना सुट्टीच द्या. ज्याला लाभ मिळतो त्यानेच मृत्युपत्र करवून घेण्यात पुढाकार घेतला, तर कोर्ट त्याकडे संशयाने पाहतं, आणि घरकामाच्या बाईंना काही ठेवलं की तो संशय घ्यायला माणसं टपलेलीच असतात. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करा. त्याच दिवसाचं तुमच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्रही जोडा.

एवढं सगळं केलंत तरी खरं भगदाड बुजलेलं नसेल. मृत्युपत्र निघतं तेराव्यानंतर, आणि चिंगीला भूक लागते त्याच संध्याकाळी. आणि तुम्ही गेला नाहीत, नुसत्या आयसीयूत आहात, तर मृत्युपत्राचा उपयोग शून्य. लोक म्हणतात, कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) करून ठेवू. पण करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली की मुखत्याराचे अधिकार संपतात. म्हणजे नेमकं जेव्हा हवं तेव्हाच ते हातात राहत नाही. पाय मोडून तुम्ही महिनाभर अंथरुणावर असाल तर ते कामी येईल, मेंदूला झटका आला तर नाही.

इथे कायद्यापेक्षा व्यवस्था उपयोगी पडते. विश्वस्त होणाऱ्या माणसाबरोबर एक छोटं संयुक्त खातं उघडा, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात राहणारा’ या पद्धतीचं. त्यात चिंगीचा सहा महिन्यांचा खर्च, तीसेक हजार ठेवा, आणि हे पैसे कशासाठी आहेत ते मृत्युपत्रात एका ओळीत लिहा, म्हणजे नंतर वाद नको. पशुवैद्याकडे पत्र देऊन ठेवा: माझ्या गैरहजेरीत अमुक व्यक्तीच्या सांगण्यावरून उपचार करावेत, खर्च अमुक मर्यादेपर्यंत. घराची एक किल्ली मावशींकडे, दुसरी शेजारी. लसीकरणाची वही, खाण्याच्या वेळा आणि ती फटाक्यांना घाबरते का, हे सगळं फ्रिजच्या दारावर. पर्समध्ये आधार कार्डाच्या मागे एक चिठ्ठी: ‘घरी कुत्री एकटी आहे, या नंबरवर कळवा.’ रुग्णवाहिकेतून नेणारा माणूस पर्स उघडतोच.

आता मावशींबद्दल. त्या ‘हो’ म्हणाल्या, पण ज्यांच्याकडे आपण काम करतो त्यांच्या तोंडावर कोण नाही म्हणेल? पुन्हा एकदा विचारा, आणि या वेळी ‘नाही म्हणालात तरी काही बिघडत नाही’ असं आधी सांगून विचारा. त्यांच्या घरच्यांना काय वाटतं, लहान मुलं आहेत का, तेही बघा. मग मोठ्या सुट्टीत पंधरा दिवस चिंगीला त्यांच्याकडे ठेवून पाहा, खर्चासकट. पंधराव्या दिवशी तुम्हाला सगळं कळेल. पर्यायी माणसाचं नावही त्यानंतरच पक्कं करा, आणि दोघांच्याही जवळ मृत्युपत्राची नाही तर फक्त कुत्र्याबद्दलच्या कलमाची प्रत द्या. बाकी काय कुणाला ठेवलंय ते त्यांना कळण्याचं कारण नाही.

मावशी भाड्याच्या खोलीत राहत असतील तर त्यांच्या घरमालकांना कुत्रं चालतं का, हे मात्र सुट्टीची वाट न बघता याच आठवड्यात विचारा.